आप्पांचा आवाज

शिरूरच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेले तेव्हा जिन्यातच वाटलं, वर कुणाचं तरी भांडण जुंपलंय.

"घ्या, घ्या, छाती भरून घ्या… आता सोडा. सुटली, सुटली, सुटली, मागं बघू नका, अजून हाय, तळाला हाय, खरडून काढा, भिर्रर्र…"

मग एकदम शांतता, आणि पाठोपाठ एका म्हाताऱ्या बाईचं धापा टाकत हसणं.

मी मुलाखतीला आले होते. बरोबर माझे वडील होते. दौंडला रेल्वेच्या इंजिनांच्या आवाजात त्यांची सगळी नोकरी गेलेली. तेसुद्धा जिन्यात थबकून वर बघत राहिले आणि म्हणाले, "दवाखानाच आहे ना हा?"

तो छातीचाच दवाखाना होता, आणि तो आवाज आप्पांचा होता. फुफ्फुसाची तपासणी करणारे तंत्रज्ञ. पुढं दोन-अडीच वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते त्यांनी मला शिकवलं. आणि त्यांनी ते काम का सोडलं, हेही त्यांच्याइतकंच मला माहीत आहे. म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसलं की आधी हसू येतं आणि मग लिहवत नाही.

ही तपासणी दिसायला सोपी असते. नाकाला चिमटा लावायचा, तोंडात नळी धरायची, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका झटक्यात, जोरात, फुफ्फुस रिकामं होईपर्यंत फुंकत राहायचं. यंत्र त्या फुंकरीची रेघ काढतं. रेघ बघून डॉक्टरांना कळतं, नळ्या आवळल्यात का, फुफ्फुस आखडलंय का. पण माणसानं अर्धवट फुंकलं तर रेघही अर्धवट येते आणि चांगला माणूस आजारी दिसतो. मी रक्तलघवी तपासायचा डिप्लोमा केलेला. सुई टोचली की रक्त येतं, माणसाची मर्जी असो वा नसो. श्वास मात्र माणसानं आपणहून द्यावा लागतो, आणि तो सगळाच्या सगळा द्यायला लोक तयार नसतात. लाजतात, घाबरतात, खोकला येईल म्हणून मधेच थांबतात. त्यांच्याकडून तो काढून घेणारा माणूस लागतो.

कोरोनानंतर छातीच्या पेशंटची गर्दी वाढली म्हणून डॉक्टरांना दुसरा माणूस हवा होता. मला रक्ताच्या लॅबमध्ये कुठं जागा मिळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "यंत्र तुम्ही आठवड्यात शिकाल. फुंकून कसं घ्यायचं ते मात्र आप्पांकडून शिका. ते मलाही जमत नाही."

आप्पा उंच, वाळलेलं शरीर, पन्नाशी ओलांडलेले. पांढरा पायजमा-शर्ट, त्यावर दवाखान्याचा ॲप्रन, आणि ॲप्रनच्या खिशात नाकाचे चिमटे खुळखुळत असायचे. कवठे येमाईच्या शिवारात त्यांची वस्ती. आजोबा मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, वडिलांनी विहीर पाडली आणि घर एका जागी बसलं. आप्पांनी शेती केली, पण त्यांचं नाव झालं ते घाटात. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतींच्या धावपट्टीला घाट म्हणतात. आप्पा तिथले निवेदक होते. कुठल्या गावचा, कुणाचा गाडा आता सुटणार, बैल कुठल्या गोठ्यातला, हे माईकवरून सांगायचं आणि गाडा सुटला की तो निशाणाला पोचेपर्यंत दम न घेता बोलत राहायचं. यात्रेतली माणसं गाडे बघायला यायची तशी आप्पांना ऐकायलाही यायची.

मग शर्यतींवर बंदी आली. माईक बंद झाला. त्याच काळात ते आपल्या आईला दम्यासाठी या डॉक्टरांकडे घेऊन आले. तेव्हाच्या तंत्रज्ञ माणसानं म्हातारीला चारचारदा समजावलं, पण ती नळीत नुसती फू फू करायची. आप्पा बाहेर बाकावर बसलेले. त्यांना राहवलं नाही. दारातूनच त्यांनी सुरू केलं, "कवठे येमाईचा गाडा, हौसाबाईंचा गाडा, झाली का तयारी… सुटली, सुटली, सुटली…" म्हातारीनं अशी फुंकर मारली की डोळ्यांत पाणी आलं, आणि यंत्रावर पुस्तकात असते तशी रेघ उमटली. डॉक्टर आतून उठून बाहेर आले. पुढच्या महिन्यात आप्पा पुण्याला प्रशिक्षण घेऊन आले आणि खोलीत उभे राहिले, ते तिथलेच झाले.

त्यांच्या तऱ्हा मोजायला बसले तर बोटं पुरायची नाहीत. आलेल्या माणसाची उंची ते स्वतः मोजायचे, कागदावर लिहिलेली मानायचे नाहीत. "उंची विचारली की गडी खोटं बोलतो," म्हणायचे. "दोन बोटं तरी वाढवतोच." दवाखान्यात कुणाचा वाढदिवस असला की केकवरच्या मेणबत्तीपाशी ते जाऊन उभे राहायचे आणि फुंकणाऱ्याला थांबवायचे: "आधी पूर्ण आत घ्या. अशी वरच्या वर फुंकू नका." रिसेप्शनवरच्या मुलीला त्यांनी एकदा तीनदा फुंकायला लावलं होतं, मेणबत्ती पहिल्याच वेळी विझलेली असूनही. एसटीत शेजारचा माणूस डुलकी घेत असला तर त्याचा श्वास ऐकत बसायचे आणि उतरताना त्याला हलवून दवाखान्याचा पत्ता सांगायचे. एकदा एकजण चिडला. आप्पा त्याला म्हणाले, "चिडताना बी दम लागतोय तुमाला, बघा." फोनवर बोलायला ते गच्चीत जायचे, आणि खाली रस्त्यावरच्या रसवंतीवाल्याला त्यांच्या घरची सगळी खबर असायची.

ओरडणं मात्र सगळ्यांना एकच नसायचं. समोर कोण आहे ते बघून त्यांचं निवेदन बदलायचं. ड्रायव्हर असला तर गाडी डोंगराच्या घाटात चढवायचे. शाळामास्तर असले तर, "घंटा झाली सर, पोरं सुटली, सुटली, सगळी बाहेर काढा, वर्गात एक पोरगं ठेवू नका." चुलीच्या धुरानं छाती गेलेल्या बायका असल्या तर काही न बोलता त्यांच्यासमोर बसायचे, त्यांच्याबरोबर स्वतः श्वास घ्यायचे आणि हळूहळू आवाज चढवत न्यायचे. बाया दमून हसायच्या. रेघ कशीही येवो, आप्पा म्हणणार, "वा, काय गाडा पळाला." मला वाटायचं, हे खोटं कौतुक कशाला. एकदा विचारलं तर म्हणाले, "आपण माईकवर. निकाल पंच देत्यात." पंच म्हणजे आत बसलेले डॉक्टर.

एका गोष्टीवरून मात्र डॉक्टरांचं आणि त्यांचं जमायचं नाही. आप्पा पेशंटचं नाव आणि गाव मोठ्यानं घ्यायचे. "या, न्हावऱ्याचे पाटील, या." आत फुंकताना तर बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना कळायचं, कोण फुंकतंय आणि कितव्यांदा. डॉक्टर सांगायचे, "आप्पा, नावं घेऊ नका. आजार ज्याचा त्याचा असतो." आप्पा मान डोलवायचे आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू. मला म्हणाले, "नाव घेतलं की माणूस जोर लावतो. घाटात बी तसंच. बिननावाचा गाडा कोण बघतंय?"

मला त्यांनी शिकवलं ते असं. माझा आवाज लहानपणापासून बारीक. आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना म्हणताना मागच्या रांगेला तो कधी गेला नाही. पहिल्या महिन्यात माझ्यासमोर एकही माणूस धड फुंकला नाही. मी "जोरात फुंका" म्हणायचे आणि समोरचा माझ्याकडे दया आल्यासारखा बघायचा. एके दिवशी संध्याकाळी आप्पा मला शिरूरच्या स्टँडवर घेऊन गेले. मी दौंडच्या गाडीची वाट बघत उभी राहणार, एवढ्यात म्हणाले, "गाडी लागली की तू पुकारायचं. दौंड, दौंड म्हणून."

"आप्पा, कंडक्टर आहे की."

"त्याचा घसा बसलाय. मी बोललोय त्याच्याशी."

कंडक्टर खिडकीतून माझ्याकडे बघून हसला. मी पुटपुटले. कुणी वळूनही पाहिलं नाही. आप्पा म्हणाले, "तू लाजतीस कुणाला? आवाज काय तुझ्या एकटीचा हाय? समोरच्याच्या कामाचा हाय तो. ती बाई बघ, पिशव्या घेऊन उभी हाय, तिला ठावं न्हाई ही गाडी दौंडला जातीय. तिच्यासाठी ओरड." त्या बाईसाठी मी ओरडले. ती पळत आली आणि गाडीत चढली. आप्पांनी टाळी वाजवली. त्यानंतर कितीतरी दिवस तो कंडक्टर मला "दौंड दौंड ताई" म्हणायचा.

पुढं शर्यतींवरची बंदी उठली. घाटवाले माणसं घेऊन दवाखान्यात आले, शाल-नारळ घेऊन. आप्पांनी चहा पाजून त्यांना परत पाठवलं. मी म्हटलं, "आप्पा, जा की. तुमचं खरं काम ते."

"न्हाई गं," ते म्हणाले. "बैल माझ्या बोलण्यानं पळत नव्हते. मी नसलो तरी पळायचेच. हितं माणूस माझ्या बोलण्यावर श्वास सोडतोय. हे सोडून कुठं जाऊ?"

हे सांगताना त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. इतका समाधानी माणूस मी नोकरीच्या जागी नंतर पाहिला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही शिक्रापूरच्या बाजूच्या एका कारखान्यात तपासणीला गेलो. लोखंडाच्या ओतकामाचा कारखाना. धुळीत काम करणाऱ्या कामगारांची छाती वर्षातून एकदा तपासायची असते. कँटीनच्या हॉलमध्ये टेबल टाकलं, यंत्र मांडलं. एका कोपऱ्यात डॉक्टर, एका कोपऱ्यात आम्ही. कामगार नाव-गाव लिहिलेल्या चिठ्ठ्या घेऊन रांगेत. सुपरवायझर चहाचा कप घेऊन मागं उभा, लवकर आटपा म्हणत.

एवढी माणसं, एवढा मोठा हॉल. आप्पांना घाटच सापडला. मराठी, हिंदी, जे येईल ते. रांगेतली माणसं आपली पाळी यायच्या आधीच हसत होती. उत्तर प्रदेशचा एक तरुण पोरगा आला, छाती भरदार, फुंकर अशी की आप्पा खूश झाले. "छोडो, छोडो, छोडो… वा रे पठ्ठ्या," म्हणत त्याची पाठ थोपटली.

दुपारी तोच पोरगा पुन्हा रांगेतून समोर आला. अंगात दुसरा शर्ट, डोक्यावर टोपी, हातात दुसरी चिठ्ठी. मी चिठ्ठी घ्यायला हात पुढं केला, पण आप्पांनी त्याला ओळखलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्यात राग अजिबात नव्हता. गंमत होती, निव्वळ गंमत. त्यांनी माझ्या आधी चिठ्ठी घेतली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सुरू केलं.

"आवं, हा गाडा मघाशीच पळून गेला की. आता कुणाच्या नावावर पळतोय? बघू. राहू गावचे दत्तात्रय… दत्ता. कुठायत राहूकर दत्ता? पुढं या मालक. आपला गाडा आपणच जुंपायचा असतोय."

हॉल हसला. सुपरवायझरनं कप खाली ठेवला आणि टेबलाकडं चालत आला. आणि खांबामागून एक माणूस बाहेर आला. तिशी-पस्तिशीतला, खांदे वर ओढलेले, दम लागणारी माणसं चालताना ओढतात तसे. तो हसत नव्हता. उत्तर प्रदेशचा तो पोरगा मान खाली घालून म्हणाला, "रूम पार्टनर है मेरा."

तेवढ्यात आप्पांच्या लक्षात आलं असावं. पण आता सुपरवायझर टेबलापाशी उभा होता. दत्ता खुर्चीत बसला. आप्पांनी त्याच्या नाकाला चिमटा लावला आणि मग त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. जीव तोडून ओरडले. पहिल्या वेळी दत्ता मधेच खोकला. दुसऱ्या वेळी आप्पा त्याच्यासमोर गुडघ्यावर बसले, त्याच्या डोळ्यांत बघत बोलत राहिले, त्याच्यात जेवढं होतं तेवढं सगळं त्यांनी काढून घेतलं. तरी रेघ चढलीच नाही. टेकडीसारखी उठायच्या ऐवजी जमिनीलगत पसरली. या वेळी आप्पा "वा" म्हणाले नाहीत.

डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन नीट तपासलं. तो घासकामाच्या विभागात होता, जिथं ओतलेल्या सुट्या भागांवरची खरड यंत्रानं घासून काढतात आणि बारीक धूळ उडते. डॉक्टरांनी लिहून दिलं की याला धुळीतून बाहेर काढा, दुसरं काम द्या, पुढच्या तपासण्या करा. सुपरवायझरलाही तोंडी सांगितलं. त्यांनी करण्यासारखं सगळं केलं. पण दत्ता कारखान्याचा नव्हता, ठेकेदाराचा होता. कारखाना म्हणाला, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, माझ्याकडं दुसरं काम नाही, आणि वर हा फसवणारा माणूस. त्याला कामावर यायचं नाही म्हणून सांगण्यात आलं.

आम्हाला हे दत्ताकडूनच कळलं. एका सकाळी तो शिरूरला आला, नंबर लावून बाकावर बसला. त्याला बघून आप्पांना बरं वाटलं. "या राहूकर, या," म्हणत त्यांनी खुर्ची पुढं केली.

"टेस्ट न्हाई करायची," दत्ता म्हणाला. तो उभाच राहिला. "एवढंच सांगायला आलो व्हतो. काम गेलं."

आप्पांनी खुर्ची मागं घेतली.

"मला ठावं व्हतं आप्पा, दम लागतोय ते. पोरगी शिक्रापुरात शाळंत हाय. तिचं वर्ष व्हईपर्यंत काढायचं व्हतं, मग बघणार व्हतो. तुम्ही धरलं ते बरोबरच हाय, मी तसं म्हनत न्हाई. पर जरा हळू बोलला असता तर मी डॉक्टरांच्या पाया पडलो असतो, सुपरवायझरला एकटं गाठून बोललो असतो. एवढ्या मानसांत हसं झाल्यावर त्याला बी काही करता येईना आन् मला बी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. एखादी वस्तू चुकून आपल्याकडं आली आणि ती परत द्यायला आलो, असं तो बोलला. "येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला. मधे एकदा थांबला, दम घेतला, पुन्हा उतरला. आप्पा कठड्यापाशी उभे राहून बघत होते.

त्या दिवसापासून त्यांचा आवाज खाली आला. घसा बसला नव्हता, त्यांनी तो खाली ठेवला. "घ्या… सोडा… सोडत राहा…" असं पेशंटच्या कानाशी वाकून बोलायचे. नाव घेणं बंदच झालं. "या," एवढंच. पेशंट विचारायचे, "काय म्हणाले?" रेघा बिघडायला लागल्या. डॉक्टरांनी त्यांना बसवून समजावलं की तुमची चूक असली तरी ती एवढी मोठी नाही, आणि त्या माणसाला आजार आपण दिला नाही. आप्पांनी ऐकून घेतलं. मी एकदा धीर करून म्हटलं, "तुम्हीच म्हणता ना, निकाल पंच देतात."

"त्या दिवशी म्याच दिला की," ते म्हणाले.

मग ओरडायचं काम माझ्याकडं आलं. इनामगावची एक आजी खुर्चीत होती, आप्पा यंत्रापाशी. दोनदा तिनं अर्धवट फुंकलं. तिसऱ्यांदा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "सुटली, सुटली, सुटली, अजून आहे आजी, तळाला आहे…" आवाज माझा, शब्द त्यांचे. रेघ छान उमटली. मी वळून बघितलं तर आप्पा खोलीत नव्हते. बाहेर गॅलरीत नळाखाली चिमटे धूत होते, स्वच्छ असलेले चिमटे. माझी खरी नोकरी त्या दिवशी सुरू झाली. त्याचा आनंद मला कधी मोकळेपणानं करता आला नाही.

त्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी आप्पा दौंडला आमच्या घरी आले. डॉक्टरांना सांगून त्यांनी लहान यंत्र पिशवीत आणलं होतं. वडिलांशी दोन शब्द बोलले, जेवायला बसले पण जेवले थोडंच. मला म्हणाले, "राहूला येतीस का बरोबर? तुझ्या बाजूचं गाव हाय. दत्ता तिथं असतोय म्हणं."

केडगावहून जीपनं आम्ही राहूला गेलो. ऊस आणि मधे मधे गुऱ्हाळं. विचारत विचारत एका गुऱ्हाळावर पोचलो. रस उकळणाऱ्या काहिलीखालच्या भट्टीच्या तोंडाशी एक माणूस वाळलेली चिपाडं आत सारत बसला होता. धूर अंगावर येत होता, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. आमच्याकडं बघून त्यानं उपरणं खाली केलं, तेव्हा ओळख पटली. धुळीतून उठवलेला माणूस आगीपाशी येऊन बसला होता.

आप्पा त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि बोलायला लागले. शेजारी उसाचा चरक चालू होता, त्याच्या इंजिनाची धडधड. दत्तानं कानाला हात लावला. "काय म्हणता? मोठ्यानं बोला."

आप्पांनी पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले. मीही शेजारी असून मला शब्द कळले नाहीत.

"आप्पा, मोठ्यानं बोला की," दत्ता म्हणाला. "हितं काय ऐकू येतंय?"

शेवटी मी सांगितलं. म्हटलं, यंत्र आणलंय, एकदा फुंकून बघा, डॉक्टर औषध देतील, पैसे नकोत, कुणाला कळणार नाही. दत्तानं माझं पूर्ण ऐकून घेतलं. चिपाडाची एक मोळी आत सारली आणि म्हणाला, "नको ताई. त्या नळीत एकदा फुंकलं. हितं कुणी फुंकायला लावत न्हाई, तेच बरं हाय."

मग त्यानं गुळव्याला हाक मारून आमच्यासाठी उसाच्या पानावर गरम गूळ आणवला. पाहुणे आलेत, असंच जावं कसं. मी खाल्ला. आप्पा पान हातात धरून बसले, गूळ थिजेपर्यंत. परत येताना जीपमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर घेतली होती आणि बाहेर बघत होते. केडगाव येईपर्यंत एकदाच बोलले. "मोठ्यानं बोला म्हणत होता," म्हणाले.

पावसाळ्याआधी त्यांनी काम सोडलं. डॉक्टर शेवटपर्यंत थांबा म्हणत राहिले. आप्पांनी ॲप्रन धुऊन, इस्त्री करून परत दिला आणि कवठ्याला गेले. घाटवाले पुन्हा येऊन गेले, पण आप्पा माईकजवळ गेले नाहीत. मी अधूनमधून फोन करायचे. ज्यांच्या फोनची खबर रसवंतीवाल्याला असायची, त्यांना मी "ऐकू येत नाही आप्पा" म्हणायचे. तेवढ्यात ते फोन ठेवायचे.

पुढं मला दौंडच्याच एका दवाखान्यात जागा मिळाली. तिथं छातीच्या तपासणीची खोली माझ्या एकटीच्या ताब्यात आहे. मागच्या हिवाळ्यात एक बाई नवऱ्याला धरून घेऊन आली. मी कागदावरचं नाव वाचलं आणि वर बघितलं. दत्ता निम्मा राहिला होता. गुऱ्हाळ सुटलं होतं, दोन खोल्यांमधलं अंतर चालताना बसावं लागत होतं. त्यानंही मला ओळखलं. खुर्चीत बसल्यावर श्वास जमवून त्यानं पहिलं विचारलं ते, "ते आप्पा कुठं असत्यात?"

मी सांगितलं. मग चिमटा लावला, नळी दिली. मला जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडले. रेघ कारखान्यात आली होती त्याच्याहूनही खाली आली. त्याची बायको भिंतीला टेकून पदर तोंडाला लावून उभी होती.

दत्ता बराच वेळ घाम पुसत राहिला. मग म्हणाला, "ते असते तर आजून थोडं निघालं असतं. त्या दिवशी मला वाटलंच नव्हतं माझ्यात तेवढा बी दम हाय. लई जीव लावून वरडत व्हते." आणि थोड्या वेळानं, "त्यांना म्हनावं, आलो व्हतो."

आमच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली. तो आता महिन्याला येतो, बायकोच्या आधारानं. औषधानं थोडं बरं वाटतं, पण गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, हे त्यालाही सांगितलंय.

हा निरोप फोनवर द्यायचा नव्हता. सुट्टी काढून मी कवठ्याला गेले. आप्पा कांद्याला पाणी देत होते. विहिरीवरची मोटर चालू होती. मला बघून फावडं ठेवून बांधावर येऊन बसले. केस सगळे पांढरे झालेले. मी सगळं सांगितलं. दत्ता काय म्हणाला, तेही शब्दाला शब्द सांगितलं. मला वाटलं होतं, ते ऐकून त्यांच्या मनावरचं काहीतरी उतरेल. ते पाटातल्या पाण्याकडं बघत राहिले.

"फुंकलं मग त्यानं," म्हणाले.

"फुंकलं."

"किती…" त्यांनी विचारायला सुरुवात केली आणि थांबले. "नको, ऱ्हाऊ दे. तू वरडलीस का?"

"ओरडले. त्याशिवाय निघत नाही ना आप्पा."

"भाईर मानसं असतील बाकावर."

"होती."

पाणी वाफ्याच्या कडेवरून ओसंडायला लागलं होतं. आप्पा उठले नाहीत.

"नाव घेतलंस त्याचं?"

"नाही आप्पा. नाव नाही घेतलं."

त्यांनी मान हलवली. मग फावडं उचललं आणि वाफा फोडायला वाकता वाकता काहीतरी बोलले. मोटरच्या आवाजात मला ते ओठांवरूनच कळलं.

"म्या लई मोठ्यानं घेतलं व्हतं."